घशातला 'ह' आणि गर्ट्रूड बेल

मैत्रिणींनो, उत्तरेकडची सून मराठी घरात आली की तिच्या तोंडी 'बाळा'चं 'बाला' होतं आणि अख्खं घर हसतं. तीही हसते, पण मग दोन दिवस गप्पच राहते. गर्ट्रूड बेलचं चरित्र वाचताना मला सारखी ती सून आठवत होती.

गर्ट्रूडचा जन्म १८६८चा, उत्तर इंग्लंडमधल्या गडगंज कारखानदार घराण्यातला. तीन वर्षांची असताना आई गेली. ऑक्सफर्डला इतिहासात ती पहिल्या वर्गात आली. तेहरानला नातेवाइकांकडे राहून फारसी शिकली, हाफीजच्या कवितांचं भाषांतर १८९७ मध्ये छापून आलं. तेहरानमध्येच जमलेलं लग्न मात्र वडिलांनी मोडलं आणि वर्षभरात तो तरुणही वारला.

अशी ही हुशार बाई १८९९च्या डिसेंबरात अरबी शिकायला जेरुसलेमला गेली. वय एकतीस. आणि गाडी अडली ती एका 'ह'पाशी! अरबीत एक साधा 'ह' आणि एक घशातून घासून येणारा. हा दुसरा काही केल्या निघेना. बोटाने जीभ खाली दाबून धरावी तेव्हा कुठे जमायचा. आता सांगा, चारचौघांत बोलताना तोंडात बोट घालायचं का? पण तिने शिकवणी सोडली नाही.

घोड्यावर बसायचीही पद्धत बदलली. इंग्लंडात कुलीन स्त्रीने दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचं, तसं त्या डोंगराळ वाटांवर कसं निभणार? तिने विभागलेला घागरा घातला आणि सरळ पुरुषांसारखी मांड ठोकली. तोंड उघडेपर्यंत लोक तिला पुरुषच समजत.

वाळवंटातली रीत वेगळीच. आधी कॉफी, मग ख्यालीखुशाली, कामाचं सगळ्यात शेवटी. घाई दाखवणं म्हणजे असभ्यपणा. हे ती शिकली. तिथल्या बायकांना पुरुषांच्या बैठकीत जागा नसे. ही परकी म्हणून तिला तिथे बसता येई, आणि बाई म्हणून आतल्या पडद्यामागेही. स्वतःचं मात्र सगळंच सोडलं नाही हं! तंबूत चिनीमातीची भांडी आणि जेवायचे खास पोशाख बरोबर असत.

पुढे १९२१च्या कैरो परिषदेत इराकचं राज्य ठरलं, त्यात तिचा मोठा हात. त्या सीमांवरून तिला आजही बोल लावतात. बगदादचं संग्रहालय तिनेच उभारलं, आणि त्याच शहरात जुलै १९२६ मध्ये झोपेच्या गोळ्या जास्त होऊन ती गेली. एवढी मोकळी फिरलेली ही बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या मात्र विरोधात होती! मला हे कधीच पटलेलं नाही.

तरी १९१४ची हाईलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य अरबस्तानातल्या त्या गावात तिला दहा-अकरा दिवस अडकवून ठेवलं. अमीर मोहिमेवर, पैसे मिळेनात, निघायची परवानगीही नाही. तिने कॉफी प्यायली, बायकांत बसली, वाट पाहिली. शेवटी एका बैठकीत अस्खलित अरबीत स्पष्ट सुनावलं आणि निरोपाची वाट न पाहता ताडकन उठून चालू लागली. असं उठायचा मान तिथे फक्त मोठ्या शेखांचा. त्याच दिवशी तिच्याकडे सोन्याच्या नाण्यांची थैली आली, आणि निघायची परवानगीही.