आपल्याच भावांवर चालून गेलेला सेनापती

रेड क्रॉसचा विषय निघाला की संडे स्कूलमध्ये आपण हेन्री ड्युनां यांचे नाव सांगतो. परंतु १८६३ साली जिनिव्हात ज्या पाच जणांनी त्या कार्याचा पाया घातला, त्यांचे पहिले अध्यक्ष एक वृद्ध सेनापती होते. ग्योम हेन्री ड्युफूर हे त्यांचे नाव. त्यांची हकिकत आपल्या मंडळ्यांत क्वचितच ऐकू येते, म्हणून ती येथे देत आहोत.

ड्युफूर यांचा जन्म १७८७ चा. घराणे कॅल्विनच्या जिनिव्हातले, प्रॉटेस्टंट. तरुणपणी ते नेपोलियनच्या सैन्यात इंजिनियर होते. पुढे मायदेशी येऊन त्यांनी पूल बांधले, लष्करी शाळेत शिकवले आणि स्वित्झर्लंडचा २५ पत्र्यांचा प्रसिद्ध नकाशा आपल्या देखरेखीखाली तयार करवून घेतला.

त्या काळी स्वित्झर्लंड म्हणजे २२ कॅन्टनांचा सैलसर संघ होता. १८४१ साली आरगाऊने कॅथलिक मठ बंद केले. १८४४ साली ल्यूसर्नने शिक्षणासाठी जेझुइटांना बोलावले. जेझुइट म्हटले की आपल्याला ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स आठवतात. तेथील प्रॉटेस्टंटांचे मात्र ते नाव ऐकताच पित्त खवळे. त्यांच्या सशस्त्र टोळ्या ल्यूसर्नवर दोनदा चालून गेल्या. तेव्हा सात कॅथलिक कॅन्टनांनी १८४५ साली आपसांत वेगळा करार केला. भांडण राजकारणाचेही होते, हे खरे. पण खेडोपाडी ते पंथाचेच समजले गेले.

करार मोडून काढण्यासाठी संघाच्या सभेने ऑक्टोबर १८४७ मध्ये साठ वर्षांच्या ड्युफूर यांना सेनापती नेमले. आपल्याच देशबांधवांवर तोफा रोखायच्या, हे काम त्यांना जड वाटले. पण ते स्वीकारल्यावर त्यांनी सैनिकांना बजावले की नुसता विजय पुरेसा नाही, हात निष्कलंक राहिले पाहिजेत. चर्चना धक्का लागू नये, स्त्रिया, मुले, वृद्ध व धर्मगुरू यांना कोणी छळू नये, शत्रूच्या जखमींचीही आपल्या जखमींसारखीच शुश्रूषा व्हावी, असे त्यांचे हुकूम होते.

प्रथम फ्रिबूर. ड्युफूर यांनी शहराला मोठ्या फौजेचा वेढा घातला, आणि हल्ल्याआधी आपले बळ किती आहे हे तेथील सरकारला कळवून विचाराला वेळ दिला. १४ नोव्हेंबरला शहर शरण आले. त्यानंतर काही सैनिकांनी जेझुइटांच्या विद्यालयात लूटमार केली, हे लपवण्याचे कारण नाही. आपल्या पंथाचे लोकही हुकूम मोडतात. पुढे गिझिकोनला मोठी चकमक झाली व दुसऱ्या दिवशी ल्यूसर्न पडले. एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो: कॅथलिक कॅन्टनांचे सेनापती फॉन सालिस-सोग्लियो हे स्वतः प्रॉटेस्टंट होते, आणि ड्युफूर यांच्या फौजेत कॅथलिक सैनिकही लढत होते!

महिना संपण्यापूर्वी युद्ध संपले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे शंभर माणसे मेली. शंभर घरांत रडारड झाली, ती थोडी नव्हे. परंतु जुन्या धर्मयुद्धांत गावेच्या गावे ओस पडत. सूड घेण्याजोगे फारसे उरले नाही, म्हणून दहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर १८४८ मध्ये, जित व जेते एकाच राज्यघटनेखाली आले. पराभूतांवर युद्धखर्चाचा बोजा घातला होता, त्याची बाकी १८५२ साली माफ करण्यात आली.

सगळे मिटले असे मात्र नव्हे. त्याच घटनेने जेझुइटांना बंदी केली, आणि ती उठायला १९७३ साल उजाडावे लागले. १८७० नंतर बिशप व सरकारे यांच्यात पुन्हा कडवट झगडे झाले. १८९१ पर्यंत पराभूतांच्या पक्षाचा एकही माणूस केंद्रीय मंत्रिमंडळात नव्हता. सेनापतीने जखम चिघळू दिली नाही. ती भरून काढायला पिढ्या लागल्या.

१८६४ साली जिनिव्हात राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्षही ड्युफूरच होते. जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची काळजी घ्यावी, या करारावर बारा राष्ट्रांनी सह्या केल्या. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या शिपायांना हेच सांगितले होते. १४ जुलै १८७५ रोजी ते जिनिव्हात वारले.

शरण येणाऱ्या सात कॅन्टनांत शेवटचे होते व्हाले. स्वित्झर्लंडचे सर्वांत उंच शिखर, ४६३४ मीटरचे, त्याच कॅथलिक व्हालेमध्ये आहे. १८६३ पासून त्याला ड्युफूर यांचे नाव आहे.