आनंदीबाई जोशी : पत्रांतून घडलेले आयुष्य

मराठीतील पत्रवाङ्मयाचा विचार करताना पेशवाईतील दप्तरे, लोकहितवादींची वृत्तपत्रीय पत्रे आणि विसाव्या शतकातील लेखकांचे पत्रसंग्रह यांच्याकडे प्रथम लक्ष जाते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक, हीच त्यांची सर्वपरिचित ओळख आहे. तथापि त्यांचे चरित्र बारकाईने पाहिले तर असे दिसते, की या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक वळणावर एक हस्तलिखित पत्र उभे आहे. कधीही न पाहिलेल्या व्यक्तीशी पत्राने मैत्री जुळणे, त्या मैत्रीतून आनंद मिळणे आणि त्या आनंदातून एक धाडसी निर्णय साकार होणे, असा हा क्रम आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या बाबतीत तो असाधारण म्हणावा लागेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळचे संपन्न, परंतु उतरती कळा लागलेले. आईचा स्वभाव कडक होता व लहानपणी तिच्या हातचा मार यमुनेला वारंवार सोसावा लागे, अशी नोंद चरित्रांत आढळते. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळ विनायक जोशी या बिजवराशी झाला. गोपाळराव त्यांच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांना ध्यास होता, आणि पत्नीला शिकवण्याची त्यांची रीत हट्टाची व पुष्कळदा कठोर होती. ते टपाल खात्यात कारकून होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. पत्र कोठून येते, कोठे जाते, त्याला किती दिवस लागतात, हे ज्याच्या रोजच्या कामाचा भाग होते, अशा माणसाच्या घरात आनंदीबाईंची अक्षरओळख झाली.

काळही टपालाच्या दृष्टीने अनुकूल होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थान व युरोप यांमधील डाकेचा प्रवास बराच आखूड झाला. १८७४ च्या बर्न येथील करारातून आंतरराष्ट्रीय टपाल संघ स्थापन झाला. अमेरिका त्यात आरंभापासून होती, तर ब्रिटिश हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी त्यात सामील झाला. त्यामुळे निरनिराळ्या देशांशी निरनिराळे हिशेब न राहता परदेशी पत्राला एकसारखा आणि आवाक्यातला दर मिळाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले व पत्र ही सामान्य माणसाच्या व्यवहारातील वस्तू झाली. आनंदीबाईंच्या पत्रमैत्रीच्या मागे ही व्यवस्था उभी आहे. ती दहा-वीस वर्षे आधी घडणे कठीण होते.

गोपाळरावांच्या बदलीनिमित्त हे दांपत्य कल्याण, अलिबाग, कोल्हापूर असे फिरत राहिले. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही. वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ या घटनेत शोधले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु निश्चय आणि त्याची पूर्तता यांमध्ये जे अंतर होते ते पत्रांनी भरून काढले.

कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. कोल्हापुरात दीर्घकाळ मिशनचे काम करून मायदेशी परतलेले रॉयल वाइल्डर हे त्या वेळी प्रिन्स्टन येथून मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक चालवीत होते. त्यांनी हे पत्र आपल्या उत्तरासह त्यात छापले. उत्तराचा रोख ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याकडे होता, आणि जोशी दांपत्याला ते मान्य होण्यासारखे नव्हते. म्हणजे मूळ हेतूच्या दृष्टीने हे पत्र वाया गेले. मात्र छापील पत्राचा वाचक कोण असेल हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत असताना तो अंक पडला. कोल्हापुरातील त्या अनोळखी मुलीविषयी त्यांना आस्था वाटली आणि त्यांनी पत्र लिहिले. तोवर जोशी दांपत्याने कोल्हापूर सोडले होते. तरीही पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्याला उत्तर गेले. उत्तर लिहिणारी मुलगी पंधरा वर्षांची होती.

पुढील तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालू राहिला. आगबोटीने पत्र जाऊन उत्तर हाती येण्यास दोन महिने तरी लागत. त्यामुळे प्रत्येक पत्र सावकाश लिहिले जाई, पुनःपुन्हा वाचले जाई आणि त्याची वाट पाहण्यातही एक सुख असे. आनंदीबाई हिंदू कुटुंबातील रीतिरिवाज, सण, बायकांचे दैनंदिन जीवन यांविषयी लिहीत. बालविवाहाचे परिणाम आणि स्त्रियांचे आरोग्य हे प्रश्नही त्यांत येत. समुद्रापलीकडील स्त्रीला आपले घर समजावून सांगताना ते घर त्यांना स्वतःलाही नव्याने पाहावे लागले. ओळखीच्या माणसाला लिहिताना ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात त्या येथे गृहीत धरून चालत नव्हते. वटसावित्री, सोवळेओवळे किंवा सासरमाहेर यांचा अर्थ परक्या भाषेत उलगडून सांगायचा, म्हणजे त्याविषयी आधी विचार करणे आलेच. आनंदीबाईंच्या विचारशक्तीची वाढ या लेखनाच्या सरावातून झाली, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

येथे एक भाषिक बाब विचारात घ्यावी लागते. तत्कालीन मराठी पत्राला ठरीव मायना असे. तीर्थरूप, गंगाभागीरथी, चिरंजीव अशा संबोधनांनी लिहिणाऱ्याची व वाचणाऱ्याची पायरी पहिल्याच ओळीत निश्चित होई. नाते आधी ठरलेले असे, पत्र मागाहून येई. रोझेलच्या स्त्रीला लिहिताना असा कोणताच मायना तयार नव्हता. आनंदीबाईंनी नाते स्वतः निवडले व कार्पेंटरबाईंना मावशी केले. माय मरो आणि मावशी जगो असे म्हणणाऱ्या समाजात वाढलेल्या मुलीने हे नाते निवडावे यात अर्थ आहे. आई कडक, पती शिक्षकाच्या भूमिकेत, आणि परगावी सोबतीला माहेरचे कोणी नाही, अशा स्थितीत काही न मागता माया करणारे माणूस या पत्रांनी त्यांना दिले. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक नाती इतरांनी ठरविलेली होती. हे नाते मात्र त्यांचे स्वतःचे होते.

१८८१ मध्ये गोपाळरावांची बदली कलकत्त्यास झाली. बंगालच्या हवेत आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी आणि अधूनमधून येणारा ताप यांनी त्या जर्जर झाल्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. मैत्री आता शब्दांपुरती राहिली नव्हती. अमेरिकेत आल्यास आपल्या घरी राहावे, हे त्यांचे आश्वासन पुढील निर्णयाला निर्णायक ठरले, आणि त्याला धर्मांतराची अट नव्हती. मिशनच्या दारी जे मिळाले नाही ते एका घरातून मिळाले.

गोपाळरावांना त्या वेळी बरोबर जाणे शक्य झाले नाही. हिंदू ब्राह्मण स्त्रीने एकटीने समुद्रपर्यटन करावे ही कल्पनाच समाजाला असह्य होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण करून अमेरिकेस जाण्यामागची आपली भूमिका मांडली. हिंदू स्त्री वैद्यांची गरज आणि हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार ही त्या भाषणाची सूत्रे होती. आक्षेप एकेक घेऊन त्यांना उत्तर देण्याची जी पद्धत त्यात दिसते, तिच्या मागे तीन वर्षांच्या पत्रलेखनाची शिस्त आहे. अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची तरतूद झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून रोजी, न्यूयॉर्कला पोहोचल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या. एकमेकींना त्या प्रथमच प्रत्यक्ष पाहत होत्या.

पत्राने जुळलेली मैत्री प्रत्यक्ष भेटीत टिकतेच असे नाही. कागदावर उमटलेले माणूस आणि समोर उभे राहिलेले माणूस यांत अंतर असू शकते. रोझेलच्या घरात तसे झाले नाही. आनंदीबाई तेथे उन्हाळाभर कुटुंबातील एक होऊन राहिल्या. शाकाहार, कुंकू, साडी हे सर्व त्या घराने सहज स्वीकारले. याच मुक्कामात त्यांनी फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यांच्या हस्ताक्षरातील हे पत्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. औपचारिक शिक्षणाची प्रमाणपत्रे जवळ नसताना केवळ पत्रातील मजकुराच्या बळावर आपली योग्यता पटवून द्यावयाची होती. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

फिलाडेल्फियात आल्यावर आनंदीबाईंचा पत्रव्यवहार दोन दिशांनी चालू राहिला. एक रोझेलच्या मावशीशी, इंग्रजीतून. दुसरा गोपाळरावांशी, मराठीतून. या दोहोंची तुलना अभ्यासकाला बरेच काही शिकवते. पतीला पत्र लिहिणे हीच मुळात त्या काळच्या मराठी स्त्रीसाठी नवी गोष्ट होती. ज्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही त्याच्याशी लेखणीने मात्र समोरासमोर बोलायचे होते. त्या पत्रांत कर्तव्यभाव, कृतज्ञता आणि अंकित असल्याची जाणीव आहे. थंडीमुळे पेहरावात केलेल्या लहानशा बदलाचेही स्पष्टीकरण द्यावे लागत होते. गोपाळरावांचे संशय आणि टोमणे यांनी त्या दुखावल्या गेल्या, आणि हळूहळू त्यांच्या मराठी पत्रांत ठामपणे प्रत्युत्तर देणारा आवाजही उमटू लागला. हा आवाज एकाएकी आलेला नाही. परक्या भाषेत, बरोबरीच्या नात्याने, मोकळेपणी लिहिण्याची जी सवय मावशीच्या पत्रांनी लावली, तिचा हा परिणाम मानता येईल. एका पत्रव्यवहारात मिळालेली मोकळीक दुसऱ्यात झिरपली.

कडाक्याची थंडी आणि अपुरा आहार यांनी प्रकृती खालावत गेली. क्षयाने शरीर पोखरले जात असतानाही त्यांनी अभ्यास पुरा केला. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध सादर करून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी घेतली. वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा वीस दिवस अवकाश होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही अमेरिकेत पोहोचलेले होते. कोल्हापूर संस्थानाने आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्या गावाहून पहिले पत्र निघाले होते त्याच गावी त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या. ते घडले नाही. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या परतीच्या प्रवासास निघाल्या, नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

मृत्यूनंतर या पत्रांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. कॅरोलाइन हिली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. कार्पेंटरबाईंनी जपून ठेवलेली पत्रे हा त्याचा मोठा आधार होता. पुढील वर्षी काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले आणि गोपाळरावांशी झालेला पत्रव्यवहार त्यामुळे मराठी वाचकांस परिचित झाला. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघरी नेली, तर अंजली कीर्तने यांच्या संशोधनपर चरित्राने (१९९७) तिला कागदपत्रांची भक्कम बैठक दिली. तथापि कादंबरीच्या शीर्षकापासूनच लोकमानसात ही कथा पतिपत्नींची म्हणून रुजली आणि तिसरे नाव मागे पडले. गोपाळरावांच्या जिद्दीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या जिद्दीने आनंदीबाईंना लिहावयास शिकविले असेल, तर आपल्या मनाचे लिहावयास त्या शिकल्या मावशीला पत्रे लिहिताना, हा भेद समीक्षेने नोंदवला पाहिजे. कानिटकर व डॉल या दोघींनी मिळून दोन भाषांतील एकच व्यक्ती आपल्या हाती दिली आहे. एकाच संग्रहाच्या आधारे काढलेले निष्कर्ष त्यामुळे अपुरे ठरतात.

आनंदीबाईंच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांचे स्मारक आहे. कल्याणच्या ब्राह्मण घरातील मुलीला न्यू जर्सीच्या एका गृहिणीने आपल्या कुळात विसावा दिला. त्या दोघींमध्ये रक्ताचे, भाषेचे किंवा धर्माचे नाते नव्हते. तीन वर्षे आगबोटींनी ये-जा केलेल्या पत्रांनी ते निर्माण झाले होते.