सेस्टाचा गोल आणि सेस्टाची बेकरी

फुटबॉलमध्ये नाव होते ते गोल करणाऱ्याचे. बचावपटू बहुधा आठवतो तो त्याच्या एखाद्या चुकीसाठी. ऑस्ट्रियाचा कार्ल सेस्टा मात्र बचावपटू असूनही लोकांच्या लक्षात राहिला तो एका गोलामुळे.

१८ मार्च १९०६ रोजी व्हिएन्नामध्ये त्याचा जन्म झाला. अंगाने आडवा, म्हणून व्हिएन्नाचे लोक आपल्या बोलीत त्याला लाडाने ‘जाड्या’ म्हणत. पण या जाड्याला चुकवून पुढे जाणे सोपे नव्हते. ह्यूगो मायस्ल यांनी घडवलेल्या ऑस्ट्रियाच्या संघाला युरोप ‘वुंडरटीम’, म्हणजे अद्‌भुत संघ म्हणे. पुढे माटियास झिंडेलारची जादू, मागे सेस्टाची भिंत. ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये इंग्लंडला या संघाने घाम फोडला. सामना गेला, पण ३-४ असा. १९३४ च्या विश्वचषकात मिलानच्या चिखलात इटलीने उपान्त्य फेरीत एका गोलाने हरवले.

मग आला मार्च १९३८. हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि देश नकाशावरून पुसला गेला. ३ एप्रिल रोजी व्हिएन्नाच्या प्राटर स्टेडियमवर जर्मनीशी सामना ठेवला गेला. ऑस्ट्रियाच्या संघाला दिलेला तो निरोपच होता. उत्तरार्धात झिंडेलारने पहिला गोल केला. दुसरा सेस्टाने, तोही खूप लांबून मारलेल्या फटक्यावर. ऑस्ट्रिया २-० ने जिंकला. हरलेल्या देशाने मारलेली ती चपराक होती, असे पुढे लोक अभिमानाने सांगू लागले.

मी नोकरीची सारी वर्षे बँकेत काढली. मालमत्तेच्या कागदावर विकणाऱ्याची सही आहे, एवढे आम्हाला पुरत नसे. ती कोणत्या अडचणीत झाली, हेही पाहावे लागे. त्या वर्षी व्हिएन्नातल्या ज्यू व्यापाऱ्यांना आपली दुकाने सोडून द्यावी लागत होती. झिंडेलारने लेओपोल्ड ड्रिल यांचे कॉफीगृह घेतले. ड्रिल पुढे १९४३ मध्ये टेरेझिनश्टाटच्या छावणीत वारले. सेस्टाच्या हाती आली एका ज्यू मालकाची बेकरी. कागद नियमाप्रमाणेच असतील, पण नियम करणारे कोण होते?

सगळेच तसे वागत होते, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. लंडनच्या सामन्यात सेस्टाच्या बरोबर खेळलेला वॉल्टर नाउश याची पत्नी ज्यू होती. तिला सोडून दिले असते तर त्याचे व्हिएन्नात सारे सुरळीत चालले असते. त्याने बायकोचा हात धरला आणि स्वित्झर्लंड गाठले.

सेस्टा तिथेच राहिला. जर्मनीकडून तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळला. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुन्हा ऑस्ट्रियाचा पोशाख चढवून मैदानात उतरला. १९७४ मध्ये त्याचे निधन झाले.

तो राक्षस नव्हता. चारचौघांसारखा, खेळावर जीव असलेला, चालून आलेली संधी न सोडणारा माणूस होता. म्हणूनच त्याची गोष्ट मनाला टोचते. घरातल्या मुलांना तो लांबून मारलेला गोल जरूर सांगावा. त्यांचे डोळे चमकतील. मग ती बेकरी आधी कोणाची होती, तेही सांगावे.