चार्ल्स ग्लिडन : एका उद्योगी पुरुषाची पृथ्वीप्रदक्षिणा

धन मिळविणारे पुरुष जगात पुष्कळ होऊन गेले. परंतु मिळविलेल्या धनाचा विनियोग कसा करावा हे ज्यांस उमगले, असे थोडेच. अमेरिकेतील चार्ल्स जॅस्पर ग्लिडन हे त्या थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १८५७ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील लॉवेल ह्या कापडगिरण्यांच्या गावी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते तारकचेरीत नोकरीस लागले. पुढे १८७६ साली ग्रॅहम बेल ह्यांचा टेलिफोन जगापुढे आला. कित्येकांना ते एक खेळणे वाटले. तारेच्या कामात मुरलेल्या ग्लिडन ह्यांनी मात्र त्याचे भवितव्य ओळखले. लॉवेल येथे त्यांनी टेलिफोनचा व्यवसाय उभारला, त्याचा विस्तार केला आणि विपुल संपत्ती मिळविली.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले. अशा वेळी बहुतेक लोक आरामखुर्ची जवळ करतात. ग्लिडन ह्यांनी इंग्लंडमधील नेपियर कंपनीची मोटार घेतली आणि १९०२ साली पत्नी ल्यूसी ह्यांजसह ते पृथ्वीपर्यटनास निघाले. त्या काळी मोटार हे बेभरवशाचे वाहन. पेट्रोल दुर्मिळ आणि रस्ते बैलगाड्यांचे व घोड्यांचे. तरीही १९०३ साली स्वीडनमध्ये त्यांनी उत्तरध्रुववृत्त ओलांडले. १९०४ साली मोटारीस आगगाडीची चाके बसवून, रुळांवरून त्यांनी मिनियापोलिसहून व्हँकूव्हर गाठले. फिजी बेटे व हिंदुस्थान येथेही ते आले. १९०८ पर्यंत ३९ देशांतून ४६,५२८ मैलांचा प्रवास झाला. प्रवासाची वृत्ते ते वृत्तपत्रांकडे धाडीत. त्यामुळे घरबसल्या वाचकांसही जग दिसले.

शर्यतीच्या मैदानावरील वेगापेक्षा साध्या रस्त्यावरील टिकाऊपणा महत्त्वाचा, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. म्हणून त्यांनी मोटारींच्या लांब सफरींसाठी करंडक दिला. १९०५ ते १९१३ पर्यंत चाललेल्या ह्या ग्लिडन सफरींनी मोटारीविषयीचा लोकांचा विश्वास वाढविला. पुढे ते बलूनमधून आकाशविहार करू लागले. १९२७ साली त्यांचे देहावसान झाले.

मजसारख्या निवृत्त शिक्षकास हे चरित्र थोडे लाजविते. पेन्शन सुरू झाली म्हणजे आयुष्याची इतिश्री झाली, अशी समजूत आपल्या ज्ञातीतही रूढ आहे. मीही काही वर्षे तीच बाळगली. ज्ञातीतील तरुणांनी नव्या यंत्रास खेळणे म्हणून हसू नये आणि वृद्धांनी उंबरठ्यास सीमा मानू नये, हाच ह्या चरित्राचा बोध होय.