गानयोगी पंचाक्षरी गवई

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे नाव आपल्या भागातील संगीतप्रेमींना परिचित आहे. हा आश्रम ज्यांच्या तपश्चर्येतून उभा राहिला, त्या पंचाक्षरी गवयांचा जन्म १८९२ साली सध्याच्या हावेरी जिल्ह्यातील काडशेट्टीहळ्ळी या खेड्यात झाला. मूळ नाव गदिगेय्या. ते आणि त्यांचे बंधू दोघेही अंध होते. त्या काळी गरीब घरच्या अंध मुलापुढे भिक्षेवाचून सहसा दुसरा मार्ग नसे. पण या भावंडांचा गोड गळा हानगलच्या कुमारस्वामींच्या कानी पडला आणि त्यांनी दोघांच्या शिक्षणाचा भार उचलला.

पंचाक्षरींनी आधी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला. पुढे मिरजेचे नीलकंठबुवा आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून त्यांना हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळाली. दोन्ही पद्धतींवर प्रभुत्व असलेल्या या गवयाला स्वतःपुरते सुखाने जगता आले असते. त्यांनी मात्र अंध व अनाथ मुले जवळ केली. आपले संगीत गुरुमुखातून कानाने शिकायचे असते. तेथे दृष्टीवाचून अडत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

मुले जमली, पण त्यांच्या रोजच्या जेवणाचे काय? आरंभी ही पाठशाळा गावोगाव फिरत असे. खर्च भागावा म्हणून गवयांनी नाटक मंडळीही चालवली. तिच्या उत्पन्नावर चूल पेटत राहिली आणि शिष्यांना कला लोकांपुढे मांडण्याची संधी मिळाली. पुढे दानशूर बसरीगिडद वीरप्पा यांच्या आश्रयाने पाठशाळा गदगला स्थिरावली. तेथे डोळस विद्यार्थीही येऊ लागले. पुढे कीर्ती पावलेले बसवराज राजगुरू हे त्यांपैकीच.

१९४४ साली गवयांचे देहावसान झाले. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई हेही बालपणापासून अंध. त्यांनी आश्रमाची धुरा २०१० पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत वाहिली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

अंधाला घासभर अन्न देणारे पुष्कळ असतात. पंचाक्षरींनी त्याच्या हाती तंबोरा आणि तबला दिला. पूर्वी जो दारोदार भिक्षा मागत फिरला असता, तो मैफिलीत मानाने बसून बिदागी घेऊ लागला. दानधर्म करताना घेणाऱ्याचा हा मान राखला जातो का, याचा विचार आपण सर्वांनी करावा.