पालवणकर बाळू : टाळ्या चेंडूला, चहा बाहेर

आज क्रिकेटच्या एका ताऱ्यासाठी लाखो लोक मैदान भरतात. भारतात हे वेड पहिल्यांदा ज्यांनी लावले, त्यांपैकी एक खेळाडू अस्पृश्य समाजातला होता, हे आपल्या तरुणांना फारसे सांगितले जात नाही. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर ते महिना 4 रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखत, जाळी बांधत. तिथेच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाले. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नव्हती.

साहेबांना हरवायचे तर बाळू हवेतच, हे पुण्याच्या हिंदू क्लबला कळले. त्यांना संघात घेतले. पण मैदानावर ज्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत, त्याच हाताला चहाच्या वेळी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे.

पुढे ते मुंबईत आले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी 8 बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मुंबईच्या मैदानांवर या सामन्यांना गर्दी उसळू लागली. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ अनेक सामने हरला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे अभ्यासक नोंदवतात.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच दिले गेले नाही. प्रेक्षकांच्या टाळ्यांनी निवड समितीचे मन बदलले नाही. बदल घडला तो नकारामुळे. 1920 साली बाळूंना वगळले गेले आणि त्यांचा भाऊ विठ्ठल याला डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले गेले. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. आता मात्र प्रेक्षक नुसते टाळ्या वाजवणारे राहिले नाहीत, ते या भावांच्या बाजूने बोलू लागले. अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला.

बाळूंचा पुढचा मार्ग आपल्याला अवघड वाटेल असा आहे. पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. ज्या पक्षाला बाळूंच्या नावाची मते हवी होती, त्याच्याकडे अस्पृश्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. समाजाने आपल्या लाडक्या खेळाडूचा मान राखला, पण प्रतिनिधी म्हणून बाबासाहेबांना निवडले. 1955 साली बाळूंचे निधन झाले.

या मतभेदामुळे बाळूंना विसरणे अन्यायाचे ठरेल. तितकेच चूक ठरेल एखाद्या ताऱ्याच्या यशात समाजाची मुक्ती पाहणे. तारा गर्दी जमवतो, जातीची भिंत काही तास नजरेआड करतो. ती पाडायला मात्र पत्रक काढणारे, संघ सोडण्याची तयारी असलेले विठ्ठल आणि शिवराम लागतात, आणि त्यांच्या मागे उभा राहणारा प्रेक्षक लागतो. मित्रांनो, पुढच्या वेळी मैदानात टाळी वाजवाल, तेव्हा मंडपाबाहेर कोण उभे आहे, तेही पाहा.