श्रीसंत गाडगेबाबा

परीट ज्ञातीचे भूषण श्रीसंत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. कपडे खारात भिजवून भट्टी लावावी, दगडावर आपटावे, वाहत्या पाण्यात खळबळून वाळवावे, हा ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय. गावाचा मळ काढणाऱ्यास मात्र गावाने हीन लेखले. १९०५ मध्ये गृहत्याग करून बाबांनी तेच व्रत व्यापक केले : दिवसा खराट्याने रस्ते झाडले, रात्री कीर्तनाने मने धुतली. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः चिंध्याच ल्याले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांनी देह ठेवला. ज्ञातिबांधवहो, घरोघरी धुलाईयंत्रे आली तरी पूर्वजांच्या कष्टांची लाज न बाळगणे, हेच बाबांचे खरे स्मरण होय.